एका तोंडाच्या दोघी

३ ऑक्टोबर

पोचले. गुडघे आहेत, कवळी आहे आणि पणती मांडीवर आहे. ह्याहून जास्त मागितलं तर हावरट म्हणतील.

हे मी बोलते आहे आणि फोन लिहितो आहे. अक्षरांची नि माझी ओळख कधी झाली नाही. त्यांनी कधी बोलावलं नाही, मीही मागे लागले नाही. नात म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेसच, तर ह्याच्यापाशी बोल. हा लिहून घेतो, तारीख घालतो आणि मधेच जांभई देऊन उठत नाही. शेवटचं तिच्या नवऱ्याला होतं. तो जांभई देत उठला.

नातीला मी खारू म्हणते. लहानपणी घास गालात कोंबून घरभर हिंडायची, गिळायची म्हणून नाही. आता एका कंपनीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करते. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. पिटुकलीला आंघोळ घालायला, तिचे ढेकर काढायला आणि खारूला दोन घास बसून खाता यावेत म्हणून मला बोलावलं. घर पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये मोठा आरसा आहे, त्यात एक म्हातारी माझ्याकडे संशयाने बघत होती. माझी खाट खारूच्या टेबलाशेजारीच, खिडकीखाली. समोरच्या इमारतीतले लोक वाळत घातलेले कपडे काढायचं विसरतात, हे मी एका दुपारीच ओळखलं.

पिटुकलीच्या टाचा बोराएवढ्या आहेत. दिवसभर मुके घेत बसले. नातजावई म्हणाला, आजी, थोडी शिल्लक ठेवा आम्हाला.

६ ऑक्टोबर

खारूचं काम आज कळलं. म्हणजे मला कळायचं तेवढं.

कॉम्प्युटरात साचे असतात, त्यांना क्लास म्हणायचं. विटेचा साचा असतो ना, तसा. त्यातून निघालेली एकेक वीट म्हणजे ऑब्जेक्ट. प्रत्येकीच्या अंगावर रकाने. खारूच्या कंपनीने आधी डुकरांच्या शेडसाठी काम केलं होतं. कुठली डुकरीण किती खाते, चावते का, अंग तापलंय का, कधी विणार, हे सगळं यंत्र बघायचं नि सांगायचं. ते इतकं छान चाललं की वरच्या साहेबाला वाटलं, म्हाताऱ्यांचं तरी दुसरं काय असतं? खातात का, चावतात का, ताप आहे का. नवीन कशाला घडवायचं? मी त्या साहेबाला मुकादम म्हणते. खारू म्हणते, म्हणू नकोस, तोंडात बसेल.

तर माणसाचा साचा एक, जनावराचा दुसरा. ह्याच्यातला कुठला रकाना त्याच्यातल्या कुठल्या रकान्यात ओतायचा हे ठरवणं म्हणजे मॅपिंग. तेच खारू करते. नाव जातं बिल्ल्यात. खोली जाते कप्प्यात. जेवण जातं खाद्यात. वजन वजनात जातं, तिथे भांडण नाही. आवडीनिवडीला जनावराकडे रकानाच नाही, म्हणून ती गळून पडते. मी म्हटलं, माझ्या सासरीही नव्हता. घरची माणसं कुठे घालावीत हे तिला सुचेना, शेवटी पिल्लांमध्ये घातली. नातजावई म्हणाला, म्हणजे मी आजींचं पिल्लू. मी म्हटलं, जावईबापू, एवढं पिल्लू पोसायला माझ्यात बळ नाही.

हे सगळं चालतं का ते बघायला एक खरी म्हातारी हवी होती. घरात आयतीच होती. माझ्या कवळीला टाळूच्या बाजूने मण्याएवढं यंत्र चिकटवलंय. मी खाल्लं की पडद्यावर एक रेघ वर जाते. मी उगाचच दोन बिस्किटं जास्त खाल्ली, तिची रेघ जाऊ दे वर.

९ ऑक्टोबर

सकाळी चहा घेत होते आणि तो चहा राहिला नाही.

तोंडात कोंडा आला. ओला, आंबून फुगलेला कोंडा. त्यात सडक्या बटाट्याची साल आणि बुळबुळीत काहीतरी, माशाच्या आतड्यासारखं. आणि एक केस. राठ, जाड. मी बेसिनपाशी जाऊन बोटाने जीभ खरवडली, टाळू खरवडला, केस सापडला नाही. पण होता. घशाकडे सरकत होता, आणि मी गिळला. म्हणजे मी नाही गिळला, गिळला गेला.

खारूने चहाचं दूध हुंगलं, ताजं निघालं. कवळी सोड्यात घालून घासली. नातजावई म्हणाला, आजी, आमचा स्वयंपाक वाईट आहे हे सरळ सांगा, एवढं नाटक नको. हसले. हसताना कोंडा दातांत करकरला, आणि कवळी तेव्हा वाटीत होती.

१२ ऑक्टोबर

कवळी काढूनही दात जाणवतात. मागे मोठे, सपाट, आणि कडेला वर वळलेले. जीभ फिरवली की माझ्या हिरड्या लागतात, मऊ, नेहमीच्या. पण जीभ थांबवली की ते दात परत आपापल्या जागी येऊन बसतात.

दुपारभर लोखंड चावते आहे. गज. गंजाची खारट चव आणि त्याच्यावर कोणाची तरी वाळलेली लाळ. माझी लाळ आता दाट झाली आहे, ओठाच्या कोपऱ्यात फेसासारखी जमते. बोलताना फोनच्या काचेवर तार लोंबली. पुसली. पिटुकलीला घ्यायच्या आधी मी मिठाच्या पाण्याने सहा-सात चुळा भरते. तरी तिच्या डोक्याचा वास घेताना ओठ मिटून घेते.

खारूला सांगितलं. ती म्हणाली, वयाने चव जाते आजी. मी म्हटलं, जाते ना, पण येते कुठून?

१४ ऑक्टोबर

आज मी तिला पाहिलं.

खारूच्या पडद्यावर शेडमधला कॅमेरा लागला होता. मी खाटेवर, तोंडात तोच गज. पडद्यावर एक अवाढव्य डुकरीण कप्प्याचा गज चावत होती. ती थांबली की माझं थांबायचं. तिने जबडा फिरवला की माझा फिरायचा. गाभण होती, पोट जमिनीला टेकलेलं, नाकपुड्यांवर शेणाचे पापुद्रे. शेडमधले लोक तिला थोरली म्हणतात. मी खारूला हाक मारली आणि म्हटलं, ही बया माझ्या तोंडाने जेवते आहे.

खारू चेष्टा करायला गेली, पण माझ्याकडे बघून उठली. तिने लिंबाची फोड आणली नि माझ्या जिभेवर पिळली. तिकडे थोरलीने मान झटकली, ओठ मागे खेचले. साखर ठेवली तर जिभल्या चाटायला लागली. आयुष्यात माझ्या तोंडाला इतका मान कोणी दिला नव्हता. खारूच्या हातातली फोड खाली पडली.

मग तिने मला नीट सांगितलं, रडत रडत. वजन हा साधा आकडा. इकडून उचलला, तिकडे लिहिला. पण तोंड हा स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे, त्याच्या पोटात पुन्हा रकाने: जीभ, दात, लाळ, भूक. असलं भरलेलं काही ओतायचं तर आधी नवं कोरं तोंड घडवायचं आणि मग आतलं एकेक त्यात भरायचं. खारूने ते केलं नाही. बाळाने झोपू दिलं नव्हतं, मुकादम फोनवर फोन करत होता. हिने नमुन्याला शेडमधलीच एक डुकरीण धरली आणि एका ओळीत उरकलं. तोंड घडवलंच नाही, असलेल्या तोंडाचा पत्ता तेवढा माझ्या रकान्यात लिहून दिला. पत्ते दोन, तोंड एक.

मी विचारलं, मग ते आहे कोणाचं? ती म्हणाली, आजी, तसं कोणाचंच नसतं. दोघी वापरता.

हे कॉम्प्युटरातलं अंगात उतरणं शक्य नाही, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, लिंबू तू पिळलंस.

१६ ऑक्टोबर

मणी काढून टाकला. काही फरक नाही.

खारूला म्हटलं, पत्ता पुसून टाक, सुटले. ती म्हणाली, मग तुझ्या रकान्यात काहीच राहणार नाही. काहीच म्हणजे काय ते मी विचारलं. तिने माझ्या नाकाच्या खाली बघितलं आणि नजर वळवली. मी पुन्हा विचारलं नाही.

नवं तोंड घडवून माझं मला वेगळं द्यायचं, हा एकच उपाय. त्याला मुकादमाची परवानगी लागते. तो सध्या गिऱ्हाइकांना हे काम दाखवतो आहे, तोवर कशाला हात लावायचा नाही म्हणाला. बाळंतपणाने डोकं जड होतं, असंही म्हणाला. मग विचारलं म्हणे, आजी खातात ना व्यवस्थित? रेघ तर छान दिसते.

थोरली आठवड्यात विणार आहे. शेडवाला खारूला फोनवर सांगत होता की मागच्या वेळी तिने त्रास दिला. कसला त्रास ते खारूने मला सांगितलं नाही. फोन ठेवून ती पिटुकलीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

१९ ऑक्टोबर

व्याली. दुपारी.

आधी गवत आणि गज, मग तोंडाला फेस. मग ओलं आलं. कोमट, पातळ पडदा, जिभेला चिकटणारा, रक्ताचा आणि आंबट पाण्याचा. तो मी खाल्ला. वार म्हणतात तेच असणार. मी बादली मांडीवर घेऊन बसले होते. ओकायचा प्रयत्न केला, तोंडाने ओकू दिलं नाही. मिटून बसलं.

नंतर काहीतरी हललं. जिभेवर. मऊ, ओलसर केस, आणि आत छोटीशी हाडं, काकडी चावल्यासारखी. ते ओरडत होतं, ओरडणं मला दातांतून ऐकू आलं, कानांतून नाही. मग थांबलं.

खारू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आजी, आजी म्हणत. मला तिला सांगायचं होतं, सांगितलं नाही. ते इथे सांगते. किळस मला आली, तोंडाला आली नाही. तोंडाला ते गोड लागलं.

२० ऑक्टोबर

पिटुकलीला आंघोळ घालणार नाही म्हटलं. कंबर धरली म्हटलं. खारूला वाटलं मी रागावले तिच्यावर. रागावू दे—

तिला पाजलं की तिच्या अंगाला दुधाचा वास येतो. खाटेवर बसले तरी येतो. लाळ सुटते, हनुवटीवरून खाली पदरावर. मी पदर तोंडात कोंबून बसते. पिल्लांच्या रकान्यात कोण आहे ते मला माहीत आहे.

नातजावई म्हणाला, आजी, पिटुकली तुमच्याकडेच बघते आहे, घ्या ना जरा. त्याला मी नको तसं बोलले. तो तिला घेऊन गेला. बरं झालं.

२२ ऑक्टोबर

खारूने केलं. मुकादमाला न विचारता. नवं तोंड घडवलं, आतला एकेक रकाना उचलून भरला, काही मागे ठेवलं नाही म्हणाली. जसंच्या तसं.

लिंबू पिळलं. थोरली हललीसुद्धा नाही. खारू माझ्या गळ्यात पडून रडली, नातजावई नाचला. म्हणाला, आजी, आता तुम्ही स्वतंत्र. मीही हसले.

पण जसंच्या तसं म्हणजे काल होतं तसं. दोन तोंडं झाली खरी, वाटणी कशी झाली ते कोणी बघितलं? शेडवाल्याचा फोन आला. उरलेल्या पिल्लांना थोरली चावत नाही. दिवसभर त्यांचे पाय हुंगते, ओठ लावते, नुसते ओठ. म्हणाला, असली डुकरीण जन्मात पाहिली नाही.

मी पाहिली आहे—

२३ ऑक्टोबर

कवळी बसत नाही. खालून काहीतरी वर येतंय. हिरडी फाटली आहे, बोट लावलं तर कडक, टोकदार. पू आहे. त्याला वास आहे. जीभ सारखी तिथे जाते, धार बघायला.

खारूला दाखवलं. ती म्हणाली, कवळी लागून गळू झालं असेल, उद्या डॉक्टरकडे नेते. तिचे डोळे इतके थकलेले. तिला बरं वाटायला हवंय. मी म्हटलं, असेल.

मला इथून न्या म्हणून सांगणार आहे. उद्याच. कुठेही—

२४ ऑक्टोबर

सांगायच्या आधीच खारू गेली. डॉक्टरची वेळ घेऊन औषध आणायला खाली. पिटुकली झोपली होती, म्हणाली अर्ध्या तासात येते, बघ हं तिच्याकडे. तोंडात लाळ भरली होती, मी नको म्हणून नुसती मान हलवली. तिला वाटलं औषध नको म्हणते आहे. आजी, आता सगळं झालंय ना, म्हणाली. नातजावई कामावर.

मी स्वयंपाकघरात आहे. दार लावून घेतलंय. फोन हातात आहे. एक गोष्ट कळली आहे मला, बोलत असतं तोवर हे तोंड दुसरं काही करत नाही. बोलायला ते उघडावं मिटावं लागतं ना. म्हणून बोलते आहे. ओट्यावर पातेलं आहे. नळ गळतोय. फडकं निळं आहे. चमचे आहेत, झारा आहे, गाळणी—

उठली ती. रडते आहे. रडू दे. रडून कोणी मरत नाही. मी दारापाशी नाही जाणार.

वास येतोय. दाराच्या फटीतून—

थांबली.

थांबली नाही, घुसमटते आहे. घरघर येते. दूध वर आलंय, उताणी आहे ती, घशात अडकलंय. कुशीवर केली की झालं, एका हाताचं काम आहे. खारू, ये ना ग. खारू. लिफ्ट नाही आली.

जाते. नाही गेले तर ती— जाते. बोलत जाते. बोलत राहायचं. मी तिची पणजी आहे, तिच्या आईच्या आईची आई, मी तिच्या आजीला वाढवलं, आईला वाढवलं, कोणाला दुखवलं नाही. हे दार. ही खुर्ची. हा पाळणा.

केली कुशीवर. पाठ थोपटली. आलं बाहेर सगळं. श्वास घेते आहे, लाल झाली आहे, पण घेते आहे. बरं झालं. शाबास ग माझी. आता मी मागे सरते. सरते आहे. पाय हलत नाहीत.

बोलते आहे मी. मानेच्या घडीत दूध साचलंय. फाटलेलं, कोमट, गोळे गोळे. पुसायला हवं. फडकं निळं होतं, स्वयंपाकघरात राहिलं. पदराने पुसते. फक्त पदराने. वाकावं लागेल जरा. बोलते आहे, खारू, मी अजून बोलते आहे, ऐक, निळं फडकं, झारा, गाळणी, निळं, मान किती मऊ आहे हिची, निळं फड—